राजधानीचं तिकीट

नागपूर ते भोपाळ किती लांब, असं परवा नातीनं विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता मोबाइलच पुढे केला. विमान सरळ उडालं तर तासाभराच्या आत म्हणे! मला हसूच आलं. आम्ही सौंसरहून पहिल्यांदा भोपाळला निघालो, तेव्हा तिकीटच उलट्या दिशेचं निघालं होतं.

राज्यं नव्यानं आखली गेली, ते दिवस. तोवर आमची राजधानी नागपूर, म्हणजे सकाळी निघालं की जेवायला तिथे. आता नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं आणि राजधानी हिंदी मुलखात, भोपाळला गेली. माझे बाबा सौंसरच्या शाळेत मराठी शिकवायचे. पुढल्या वर्षी मराठीचा वर्ग राहणार की बंद होणार, हे कोणी छातीठोकपणे सांगेना.

"मीच विचारून येतो," बाबा म्हणाले. "बेबी, तूबी चाल. आपला वर्ग कसा हाय ते साहेबाले दिसू दे."

अख्ख्या वर्गातून माझी निवड! मी मान ताठ करून बसमध्ये चढले.

सौंसर ते पांढुर्णा हा प्रवास आजही दिवाळीनंतर करावा. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो आणि बागांत संत्री पिवळी पडू लागतात. आम्ही भाकरी, ठेचा आणि पिशवीभर संत्री घेतली होती. वाटेत काही विकत घ्यावं लागलं नाही.

पांढुर्ण्याला मोठ्या लाइनीचं, म्हणजे ब्रॉडगेजचं स्टेशन. बाबांनी खिडकीत हात घालून रुबाबात सांगितलं, "राजधानीचे दोन द्या, एक अर्धं." (त्या नावाची गाडी तेव्हा जन्मायची होती.) तिकिटं घेऊन आम्ही फलाटावर आलो. गाडीची घंटा झाली. बाबांनी सहज तिकीट पाहिलं, तर त्यावर नागपूर! ते तडक खिडकीकडे परतले.

"अहो, हे कायचं तिकीट देल्लं तुमी?"

"राजधानी म्हनले ना तुमी, गुरुजी?" तिकीटबाबू गोंधळला. मग त्यानं जीभ चावली. "अरे हो! आता भोपाळ नाही का."

"चूक माहीच," बाबा म्हणाले. "मीबी मनात नागपूरच घेऊन चाललो होतो."

दोघंही हसले, पण नागपूरचं तिकीट परत देताना बाबांनी ते पुन्हा एकदा वाचून घेतलं.

भोपाळच्या गाडीत मात्र खिडकी सोडू नका. पांढुर्ण्यापुढे घाट लागतो, बैतूलनंतर सागाचं जंगल, आणि इटारसी मागे पडली की नर्मदा. बाबांनी पुलावर हात जोडले. मी आमचा वर्ग राहू दे म्हणून मागितलं.

भोपाळला शिक्षण खात्याच्या ऑफिसात बरंच ताटकळल्यावर साहेबांपुढे उभे राहिलो. ते आपुलकीनं म्हणाले, "सौंसर से? बहुत दूर से आए हैं, मास्टरजी."

बाबा शांतपणे म्हणाले, "हम तो वहीं हैं, साहब. दूर तो राजधानी गई है."

साहेब मोठ्यानं हसले. त्यांनी मला वाचायला सांगितलं. मी पुस्तक उघडलं आणि धडाधड मराठी धडा वाचला. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण मी थांबल्यावर ते म्हणाले, "क्लास चलेगी."

येताना बाबांनी सगळी संत्री डब्यात वाटून टाकली. त्या दिवशी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा आजही वाटतो.

वर्ग राहिला. पुढे मीही त्याच वर्गावर शिकवलं. आता नात नोकरीसाठी भोपाळला निघाली आहे. तिथे कोणी "बहुत दूर से आई हो" म्हणालं तर काय उत्तर द्यायचं, ते तिला पाठ आहे.