मोठ्या डॉक्टरांचं तोंड

जावईबापूंनी वीस वर्षं नट म्हणून काढली, पण तोंड दिसेल असं काम काही पदरात पडलं नाही. रांगेतला पाठमोरा माणूस, हॉटेलात मागच्या टेबलावर पेपर वाचणारा माणूस, असल्याच भूमिका. सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. शेजारणींना सांगायच्या, "आमचे जावईबापू टीव्हीत असतात म्हणे. आम्हाला अजून सापडले नाहीत."

मग एका हॉस्पिटलच्या मालिकेत त्यांना ऑपरेशनच्या टेबलाजवळ नुसतं उभं राहायचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी मोठ्या सर्जनचं काम करणारा देखणा नट खोटं रक्त बघून आडवा झाला, आणि शुद्धीवर आल्यावर जो घरी गेला तो गेलाच. दिग्दर्शकाने हाताशी सापडले म्हणून जावईबापूंना पुढे ढकललं. त्यांनी मास्कच्या वरून नर्सकडे असं बघितलं, की तिने न मागता कात्री पुढे केली.

"डोळे फार बोलतात तुमचे," दिग्दर्शक म्हणाला. "मास्क मात्र काढायचा नाही." का, ते त्याने सांगितलं नाही, आणि जावईबापूंनीही अब्रू राखून विचारलं नाही.

दोन महिन्यांत मोठे डॉक्टर घराघरात पोचले. सासूबाई तर त्यांच्यासाठी अगदी वेड्या झाल्या. मालिका सुरू असताना कुणी खोकलेलंही त्यांना खपेना.

"आई, तो मीच आहे," जावईबापूंनी चारदा सांगून पाहिलं.

"तोंड झाकलं की कुणीही म्हणेल, मी आहे म्हणून," सासूबाई म्हणाल्या. लेकीने साक्ष दिली, तर नवऱ्याचीच री ओढतेस म्हणून तिलाही गप्प केलं.

जावईबापूंना एकच ध्यास लागला. एकदा, फक्त एकदा आपलं तोंड दिसलं पाहिजे, तेही सासूबाईंच्या देखत. सेटवर सल्ला द्यायला एक निवृत्त नर्सबाई येत. जावईबापूंनी बाईंना गाठून चांगला मस्का लावला. दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांसमोर दिग्दर्शकाला झापलं, "अहो, तुमचा डॉक्टर कॅन्टीनमध्येही मास्क लावून बसतो. चहा काय नाकाने पितो?" दिग्दर्शक चरफडला, पण चहाचा प्रसंग लिहिला गेला.

तो भाग लागला, तेव्हा जावईबापू नवा शर्ट घालून सासूबाईंना खेटून बसले. मोठ्या डॉक्टरांनी मास्क खाली ओढला आणि चहाचा घोट घेतला. सासूबाईंनी टीव्हीकडे बघितलं, मग जावयाकडे बघितलं.

"असं होय," त्या म्हणाल्या. "त्या बिचाऱ्यांना काढलं आणि तुम्हाला बसवलं. दुसऱ्याच्या पोटावर पाय कशाला द्यायचा हो?"

असं वाटणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. जुने डॉक्टर परत आणा म्हणून प्रेक्षकांनी चॅनेलला भंडावून सोडलं. दिग्दर्शकाने स्वतःच्या हाताने जावईबापूंना मास्क बांधला. पुढच्या भागात मोठ्या डॉक्टरांनी एका आईला तिचा मुलगा वाचल्याचं सांगितलं, एक शब्द न बोलता.

सासूबाईंनी डोळे पुसले. मग जावयाच्या पाठीवरून हात फिरवला, वीस वर्षांत पहिल्यांदाच. "मनाला लावून घेऊ नका, जावईबापू. तुम्ही प्रयत्न केलात. पण त्यांच्यासारखं नाही हो कुणाला जमत."

जावईबापूंना रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. एवढं कौतुक त्यांच्या वाट्याला जन्मात आलं नव्हतं. "खरंय, आई," ते म्हणाले. "फार मोठा नट आहे तो."

सासूबाईंनी हात काढून घेतला. "नट काय म्हणता? डॉक्टर आहेत ते."