घरी काढलेला बाण

जर्नलच्या ऑनलाइन फॉर्मात 'संस्था' या रकान्यापुढे लाल चांदणी होती. रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. मी निवृत्त होऊन इतका काळ लोटला आहे की माझ्या कॉलेजात आता भूशास्त्र शिकवतच नाहीत. कुठली संस्था लिहायची?

"बाबा, इंडिपेंडंट रिसर्चर टाका," सूनबाई म्हणाली. तिचं ऑफिसचं काम घरूनच चालतं. तिच्या दोन मीटिंगांमध्ये जो वेळ मिळे, तेवढ्यात आमचं काम पुढे सरकत असे.

"अगं, रिसर्च कसला? जुन्या लेखाची दुरुस्ती पाठवतोय."

"मग इंडिपेंडंट दुरुस्तीवाला लिहू?"

तिने रिसर्चरच लिहिलं. त्यानंतर संपादकांना पत्र, सारांश, प्रत्येक लेखकाने नेमकं काय केलं त्याचं निवेदन, मूळ आकडे कुठे मिळतील त्याचं निवेदन, कुणाचे हितसंबंध गुंतलेले नाहीत याचं निवेदन. माझा मजकूर दीड पानाचा होता आणि सोबतचे कागद त्याहून जास्त. पूर्वी आम्ही तीन प्रती टाइप करून जाड पाकिटात घालायचो आणि पोस्टात नेऊन द्यायचो. तेव्हा ते किचकट वाटायचं. आता रोज थोडं थोडं करत होतो आणि रोज कुठेतरी अडत होतो. शेवटी एका रकान्यापाशी कायमचा अडलो: सहलेखिकेची संमती.

मूळ लेख आम्हा दोघांचा होता, माझा आणि माझ्या त्या वेळच्या विद्यार्थिनीचा. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या डोंगरांत काही ठिकाणी काळ्या दगडाच्या उभ्या भिंती दिसतात. जमिनीला पडलेल्या भेगांत लाव्हा शिरून थिजलेला असतो, त्याला आम्ही डाइक म्हणतो. थिजताना त्यातले लोखंडी कण त्या काळच्या उत्तरेकडे तोंड करून बसतात आणि पुढे कायम तसेच राहतात. ती दिशा मोजली की डाइक एकाच काळातले आहेत की वेगवेगळ्या, याचा अंदाज येतो. मात्र त्यासाठी दगड फोडण्याआधी, तो जागेवर असतानाच, त्यावर होकायंत्र ठेवून उत्तरेचा बाण काढावा लागतो. आम्ही पांढऱ्या ऑइलपेंटने काढायचो. आधी बाण, मग हातोडा. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही मी हेच घोकवून घ्यायचो.

शीळफाट्याजवळच्या एका खाणीत आम्ही सर्वांत शेवटी गेलो. खाणवाल्यांनी दुपारच्या सुरुंगाआधी थोडा वेळ दिला होता. विद्यार्थिनी पलीकडच्या कड्याची मापं घेत होती. मी एक चांगला ठोकळा हेरला, होकायंत्र लावलं, दिशा पाहिली. तेवढ्यात सुरुंगाच्या इशाऱ्याची शिट्टी झाली. आता बाण काढत बसलो तर ठोकळा सुटायचा नाही, आणि सुरुंगानंतर ती भिंत राहणार नव्हती. मी हातोडा मारला, ठोकळा पिशवीत टाकला आणि पळालो. दिशा डोक्यात आहे, गाडीत बसलो की बाण काढू, असं वाटलं. गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती. तिच्यासमोर काढायची लाज वाटली.

बाण मी डोंबिवलीला घरी काढला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून, ठोकळा फिरवून फिरवून, तो खाणीत कसा बसला होता ते आठवत.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "सर, शीळफाट्याचा बाण काढलाय ना?"

"काढलाय," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

मोजमापांत बाकीचे सगळे डाइक एकमेकांशी जुळले, शीळफाट्याचा मात्र साफ वेगळा निघाला. त्या ठोकळ्यातून तिने मोजणीसाठी दगडाच्या बऱ्याच गोल नळकांड्या कापल्या होत्या आणि त्या सगळ्यांची दिशा एकच आली. त्यामुळे निकाल भक्कम दिसत होता. एकाच दगडाचे तुकडे एकमेकांशी जुळणारच, हे मला कळत होतं. तरीही मी लेख लिहिला: हा डाइक वेगळ्या काळातला आहे. तिचा प्रबंध त्यावरच उभा राहिला. पुढे इतरांनी त्याचे संदर्भ दिले. ती मोठी झाली, विभागप्रमुख झाली.

अलीकडे एका अनोळखी संशोधकाची मेल आली. त्याला ती खाण पुन्हा तपासायची होती, नेमकी जागा हवी होती. मी कळवलं की खाण बुजली, आता तिथे टॉवर उभे आहेत. 'पाठवा'चं बटण दाबलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आता कुणालाच तपासता येणार नाही, याचं ते समाधान होतं. त्या समाधानाची मला स्वतःचीच भीती वाटली. दुरुस्ती लिहायला घेतली ती त्याच आठवड्यात.

मसुद्यात मी लिहिलं: शीळफाट्याच्या नमुन्यावरची दिशेची खूण कालांतराने पुसट झाल्यामुळे त्या जागेचा निकाल ग्राह्य धरू नये. निकाल मागे घेतला जात होता. विज्ञानाचं काम भागत होतं. माझंही.

संमती मेलवर मागता आली असती. पण इतकी वर्षं ती दर गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करते. दुपारच्या गाडीने ठाण्याला उतरलो आणि पूर्वेला, कोपरीत तिच्या घरी गेलो. तिचेही केस आता पांढरे झाले आहेत. तिने चष्मा लावून मसुदा वाचला, परत पहिल्या ओळीवर गेली.

"सर, पुसट कुठे होती खूण?"

मी मसुदा परत घ्यायला हात पुढे केला, तिने तो दिला नाही.

"नळकांड्या मी कापल्यात. सगळ्या दगडांत तोच एक बाण सरळ आणि स्वच्छ होता. तुमचे बाकीचे बाण म्हणजे, रागावू नका, कोंबडीचे पाय."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"उन्हात उकिडवं बसून असा बाण येत नाही. मला तेव्हा वाटलं, सरांनी या दगडावर जास्त मेहनत घेतलीय."

"टेबलावर काढलाय तो," मी म्हणालो. "घरी."

मग सगळं सांगितलं. शिट्टी, पिशवी, गाडी. ऐकताना ती मसुद्याची घडी घालत होती, उघडत होती.

"व्हायव्हाच्या आधी मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, सर, ही एकच जागा इतकी वेगळी कशी? आठवतंय काय म्हणालात?"

आठवत होतं. म्हणालो होतो, निसर्ग आपल्याला विचारून वागत नाही.

"ते मी माझ्या मुलांना सांगते, सर. दर वर्षी. माझे सर म्हणायचे म्हणून."

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतं.

"याला मी संमती देणार नाही," शेवटी ती म्हणाली. "चूक सुधारायला निघालात आणि त्यातही खोटं. जे झालं ते लिहा, मग पाठवा."

"अगं, पण तुझा प्रबंध... लोक म्हणतील..."

"तो माझा आहे. त्याचं मी बघेन. तुम्ही तेव्हा माझी काळजी केली नाहीत, आताही नका करू." ती उठली. "चहा टाकते. घेतल्याशिवाय जायचं नाही."

चहा घेतला. ती दारापर्यंत आली, पण नेहमीसारखी नमस्काराला वाकली नाही.

घरी येऊन ती एक ओळ नव्याने लिहायला मला बरेच दिवस लागले. 'पहिल्या लेखकाने' असं सुरू करायचो आणि थांबायचो. शेवटी लिहिलं: ठोकळा जागेवर असताना त्यावर खूण केली नव्हती; पहिल्या लेखकाने ती नंतर घरी, आठवणीवरून केली; सहलेखिकेला याची कल्पना नव्हती. सूनबाईने ते टाइप केलं. वाचून माझ्याकडे पाहिलं, आणि नुसतंच विचारलं, "सेव्ह करू, बाबा?"

आता नमुन्याचं छायाचित्र जोडता येत होतं. उरलेला अर्धा ठोकळा आमच्या गॅलरीत आहे, तुळशीच्या कुंडीखाली. कुंडी हलवली तर बाण तसाच्या तसा. कुंडीने तो जपला होता. पुसट झाल्याचं लिहिताना मी रोज त्याच कुंडीला पाणी घालत होतो.

"हाच ना तो?" बायको म्हणाली. "टेबलावर पेपर पसरून रंगवत बसला होतात. मला वाटलं, गणपतीच्या मखराचं काहीतरी चाललंय."

"तू विचारलं का नाहीस?"

"विचारलं होतं. 'कॉलेजचं काम आहे' म्हणालात. टेबलावरचा ठिपका मला अजून निघत नाही, ते वेगळंच."

नवा मसुदा विद्यार्थिनीला पाठवला. उत्तर तिच्याकडून आलं नाही, जर्नलच्या यंत्रणेकडून आलं: आपल्या सहलेखिकेने संमती दिली आहे. गुरुपौर्णिमा होऊन गेली. त्या दिवशी फोन मी जवळच ठेवला होता.

मग तीच यंत्रणा पुन्हा म्हणाली, आकृती एक, म्हणजे ठोकळ्याचा फोटो, पुरेशी स्पष्ट नाही, पुन्हा पाठवावी. दुरुस्ती परत आली होती. मी फोन घेऊन गॅलरीत गेलो. बायकोने कुंडी उचलून बाजूला धरली. कारखान्यांकडून तो नेहमीचा उग्र वास येत होता.

"लवकर आटपा हो, जड आहे," ती म्हणाली.

दगडावरची माती ओल्या फडक्याने पुसली, वाकलो आणि फोटो काढला. या वेळी चांगला आला. त्यात बाण फार स्पष्ट दिसत होता.