जाळी कुठे कापली?

त्या दुपारची घटना आठवली की आजही माझी नजर आपोआप खिडकीबाहेरच्या उन्हाकडे जाते. खून नाही, दरोडा नाही. गुन्हा म्हटला तर कुंपण कापल्याचा. पण नोकरीत इतका अस्वस्थ मी क्वचितच झालो असेन.

मी मूळचा साताऱ्याचा. शिकायला सिडनीला आलो, इथल्याच पोलिसांत भरती झालो आणि सार्जंट म्हणून निवृत्त झालो. तेव्हा माझी नेमणूक शहराच्या पश्चिम भागातल्या एका ठाण्यात होती. पेंडल हिल, वेस्टमीड हा सगळा आमचा परिसर. मराठी माणूस ठाण्यात यायचा तो पासपोर्ट हरवला म्हणून, नाहीतर पार्किंगमध्ये गाडीला कोणी ठोकलं म्हणून. त्या दिवशी आलेली तरुणी मात्र काउंटरशी नुसतीच उभी होती. मी तिला आत बसवलं.

ती नर्स होती. शिफ्ट संपवून युनिफॉर्मवरच आली होती.

"काका, मला नवऱ्याची तक्रार करायचीय," ती म्हणाली. "तसलं काही नाही हो, मारत वगैरे नाही तो. त्याने जाळी कापलीय."

नवरा पुण्याचा, आयटीत कामाला. प्राण्यांचे फोटो काढायचा भारी नाद. वीकेंडला तो एकटाच गाडी घेऊन दूर पश्चिमेकडच्या माळावर गेला होता. तिथे कुंपण घातलेलं एक राखीव रान आहे आणि त्यात बिल्बी राहतात.

बिल्बी हा खरा ससा नव्हे, पण कान सशासारखे लांब, अंगावर निळसर राखाडी मऊ केस आणि निमुळतं नाक. वाळूत खोल बिळं करून राहतो, अंधार पडल्यावर बाहेर येतो. गोऱ्यांनी आणलेल्या कोल्ह्या-मांजरांनी त्याचा असा फडशा पाडला की आमच्या राज्यातून तो नाहीसाच झाला होता. मग त्या रानाला जमिनीत गाडलेली भक्कम जाळी घातली, आतला प्रत्येक कोल्हा आणि रानटी मांजर हुडकून काढलं आणि बिल्बी पुन्हा सोडले. जाळी आहे म्हणून ते आहेत.

तिने मला फोनवर फोटो दाखवला. इतका जवळून घेतलेला की मिशांचे केस मोजावेत.

"आत कसा गेलास विचारलं, तर म्हणाला, खालून थोडी कापली, परत लावली, नो वरीज. कुठे कापली ते सांगत नाही. आता तर माझ्याशी बोलतच नाही. मी वाचलं काका, एक कोल्हा आत शिरला तरी पुरतो."

मी लगेच त्या रानाच्या कार्यालयात फोन लावला. तिथली रेंजर पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काल इथे जोराचा पाऊस झालाय," ती म्हणाली. "कुंपणालगतच्या रस्त्यावर गाडी घातली की रुततेय. चालत सगळं कुंपण बघायला दोन दिवसही पुरणार नाहीत. अंधार पडायच्या आत जागा कळली तर बघ, मेट."

आम्ही नवऱ्याला ऑफिसातून ताब्यात घेतलं, त्याचे हक्क वाचून दाखवले, वकिलाला फोन करू दिला. वकिलाने सांगितलं, तोंड उघडू नकोस. कॅमेऱ्याचं कार्ड त्याने आधीच पुसलेलं होतं. बायकोला पाठवलेल्या फोटोवरून जागा कळेना. फोनचा पासकोड द्यायला त्याने नकार दिला.

चौकशीच्या खोलीत रेकॉर्डिंग चालू करून मी आणि माझी सहकारी डिटेक्टिव्ह समोर बसलो. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "नो कमेंट." सराईत माणूस हे म्हणताना तुमच्या डोळ्यांत बघतो. हा टेबलाच्या कडेकडे बघत होता आणि त्याचा गुडघा सारखा हलत होता. हा निर्ढावलेला नाही, घाबरलाय, हे मला कळलं. खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं.

मी सहकारिणीला बाहेर नेलं. "मी त्याच्याशी मराठीत बोलतो."

"दुभाष्या नाही, वकील नाही," ती म्हणाली. "कोर्टात त्यातला एक शब्द टिकणार नाही. केस जाईल."

"जाऊ दे. रेकॉर्डिंग चालूच ठेव."

परत आत जाऊन मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"हे बघ, तू काय केलंस ते मी आता विचारत नाही. तिथे एक बाई चिखलात उभी आहे. कुठल्या दिशेला जायचं, एवढंच तिला कळू दे."

त्याने हलणारा गुडघा हाताने दाबून धरला. मग म्हणाला, "माझी सिटिझनशिप अडकेल, सर."

"अडकेल कदाचित. ते माझ्या हातात नाही. मी तुला खोटा शब्द देणार नाही."

"मी तार नीट लावली होती. खरंच."

"पकडीने आवळलीस?"

त्याने मान हलवली. "हाताने वळवली. लांबून गाडीचे दिवे दिसले म्हणून घाई केली." बोलता बोलताच त्याने मान वर केली. आपण काय करून आलो हे त्याला बहुधा तेव्हाच पुरतं उमगलं. "मोडकी पवनचक्की आहे ना, तिच्या पुढे. ओढा जाळीखालून जातो तिथे. डाव्या काठाला."

मी स्पीकरवर रेंजरला जागा सांगितली.

"ओढ्यात?" ती म्हणाली. "काल तिथून पाणी वाहिलंय." आणि फोन बंद झाला.

मग वाट बघणं. तो उठला नाही, आम्हीही उठलो नाही. सहकारिणीने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. भिंतीवरचं ऊन तांबूस होऊन छताला टेकलं, तेव्हा फोन वाजला. रेंजरला धाप लागली होती.

"सापडलं. जाळी पाण्याने उलटी वळलीय, कुत्रा जाईल एवढं भोक आहे. मी बुजवतेय." थोडं थांबून ती म्हणाली, "ओल्या वाळूत कोल्ह्याची पावलं आहेत. आत गेलेली. बाहेर आलेली नाहीत."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तो कोल्हा मारायला माग काढणाऱ्यांना बरेच दिवस लागले. तोवर त्याने काही बिल्बी खाल्ले, त्यात पोटाच्या पिशवीत पिल्लू असलेली एक मादीही होती. पण आत शिरला तो एकटाच. बाकीचे वाचले. आजही तिथे बिळं आहेत.

सहकारी म्हणाली होती तसंच झालं. मराठीतला तो जबाब कोर्टाने बाजूला ठेवला आणि वरिष्ठांनी मला बोलावून खडसावलं. तरीही त्या मुलाने वकिलाचा सल्ला डावलून गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली, तुरुंग टळला, नागरिकत्व लांबलं. पुढे एकदा पेंडल हिलच्या दुकानात त्याची बायको भेटली. "एकत्रच राहतो, काका," ती म्हणाली. "पण मी त्याला पुरतं माफ केलेलं नाही. त्यानेही मला."

चौकशी म्हणजे कबुली काढणं, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो होतो. 'तू काय केलंस' विचारलं की घाबरलेला माणूस स्वतःच्या बचावाचंच बघतो आणि गप्प होतो. 'आता काय वाचवता येईल' हे विचारलं, तर त्याच माणसाला बोलायला वाट मिळते. त्यानंतर मी हा प्रश्न आधी विचारू लागलो. दर वेळी उत्तर मिळालंच असं नाही, आणि काही केसेस त्यापायी हातच्या गेल्या. त्याचं मला वाईट वाटत नाही.