पोलिसाचा तक्ता

तुमच्या तिकडच्या शाळेत पोलीस येतो आणि मुलांना आपली टोपी घालून बघायला देतो, हे तुम्ही फोनवर सांगितलंत तेव्हा मी नुसतं 'वा' म्हटलं. मनात आलं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

सांगलीच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन मी साताऱ्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला आले, तेव्हा बेचाळीसची चळवळ होऊन गेली होती. आसपासच्या गावांतले कितीतरी पुरुष भूमिगत होते आणि पोलीस त्यांच्या मागावर. आम्हाला सरावासाठी पहिलीचा वर्ग मिळे. आपण पाठ घ्यायचा, आणि मागे बसून आमच्या ट्रेनिंगच्या बाई गुण देत. माझ्या वाट्याला विषय आला, 'आपल्याला मदत करणारी माणसं'. मी तक्ते स्वतः रंगवले: पोस्टमन, कुंभार, सुईण, आणि हरवलेल्या मुलाचं बोट धरून चाललेला पोलीस.

पाठाच्या दिवशी सकाळी फाटकाशी वर्गातल्या एका मुलीची मावशी थांबली होती. मुलगी माण तालुक्याकडची, मावशीकडे राहून शिकत होती.

"आवं बाई, पोरगी लय बोलकी हाय," ती हळूच म्हणाली. "बापाचं कुनी इचारलं तर मुंबैला गिरनीत हाय म्हनायचं, असं पढवलंय. पर तिच्या तोंडाचा भरवसा न्हाई. तुमी जरा बगा."

मी मान हलवली. समजायचं ते समजले होते.

पोस्टमन, कुंभार, सुईण छान झाले. पोलिसाचा तक्ता लावला आणि वर्ग गप्प झाला. जमादाराचा मुलगा तेवढा उठला.

"माजे वडील पोलीस हायेत! चोर धरत्यात."

ती मुलगी ताडकन उभी राहिली. "बाई, मदत कुटं करत्यात? आमच्या आज्जीचं जोंधळ्याचं गाडगं फोडलं त्यांनी."

"तुजा बाप चोर हाय म्हनून!"

मुलं हसली. तिचे कान लाल झाले.

"चोर न्हाई माजा आबा! मावशीला इचारा, परवाच्या दिशी…"

"खाली बस! एकदम गप्प!" मी छडी टेबलावर आपटली.

ती बसली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे. जमादाराचा मुलगा तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "बग, बाईंना बी म्हाईत हाय." मी तक्ता उतरवला.

पाठानंतर आमच्या बाईंनी विचारलं, "अगं, इतकी मोकळी बोलत होती मुलगी. दरडावलंस का?"

बाईंचे यजमान कलेक्टर कचेरीत होते. मी म्हटलं, "घाबरले, बाई."

पाठ पुन्हा घ्यायचा ठरला. मधल्या दिवसांत त्या मुलीला जवळ घेऊन 'तुझे आबा चोर नाहीत' एवढं सांगावं असं फार वाटे. पण मी असं सांगितलं, हे तिने अख्ख्या वर्गाला ऐकवलं असतं. खेळाच्या सुट्टीत मला पाहिलं की ती तोंड फिरवी.

दुसऱ्या पाठात मी पोलीस वगळून शेतकरी घेतला. तेवढ्यात मागून बाई म्हणाल्या, "प्रत्येकाचे वडील काय करतात तेही विचारा की."

विचारावंच लागलं. तिची पाळी आली.

ती हात सरळ ठेवून उभी राहिली. "माझे वडील मुंबईला गिरणीत असतात."

अगदी पुस्तकी बोलली, त्यात एकही 'हाय' नव्हतं. जमादाराच्या मुलाकडे एकदा रोखून पाहिलं आणि खाली बसली. मुलांना छान बोलतं केलं म्हणून बाईंनी मला चांगले गुण दिले.

तिचे वडील पोलिसांना शेवटपर्यंत सापडले नाहीत, हे पुढे मावशीकडून कळलं. ती मुलगी मात्र त्या वर्षात वर्गात आपण होऊन काही बोलली नाही. विचारलं तर तेवढंच सांगे, शुद्ध भाषेत, आणि माझ्याकडे न बघता.