शिवकन्येला न विचारता

शिवकन्या जन्मापासून बहिरी. माहेर परतूरजवळच्या खेड्यात, मेंढरं विकून शेतीला लागलेलं घर. तिच्या खुणा घरात सगळ्यात नीट कळायच्या त्या थोरल्या बहिणीला, प्रीतीला. वडिलांनी शिवकन्येला बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घातलं. तिथं ती लिहायला, हातांनी बोलायला आणि समोरच्याचे ओठ वाचायला शिकली. वरच्या वर्गात गोरक्षनाथ होता, तोही बहिरा. शाळा संपल्यावर दोघं मोबाईलवर एकमेकांना बघून हातांनी बोलत राहिले आणि एक दिवस दोघांनी आपापल्या घरी सांगितलं, लग्न करायचंय. नातेवाईक कुरकुरले. दोन मुकी एका घरात कशी नांदणार, असं लग्नाच्या मांडवातसुद्धा कुणीतरी म्हणालं. शिवकन्येनं ते ओठांवरून वाचलं.

दोघं अंकुशनगरला राहायला लागली. गोरक्षनाथ एका वेल्डिंगच्या दुकानात उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करायचा. त्याची विधवा आई सगुणाबाई त्यांच्याजवळच असायची. शिवकन्येनं घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली. गिरणी चालू असली की तिथं कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळे हातानंच बोलतात. त्यामुळे गिऱ्हाइकांशी बोलताना तिचं कधी अडलं नाही. दळण बारीक उतरतंय की जाड, हे ती यंत्रावर हात ठेवून ओळखायची.

पहिल्या बाळंतपणात ती अडली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोट फाडून मुलगी काढली. आकांक्षा. काही दिवसांनी स्वयंपाकघरात ताट पडलं आणि बाळ दचकलं, तेव्हा सगुणाबाईनं धावत बाहेर येऊन कानाला हात लावून सुनेला सांगितलं, हिला ऐकू येतं.

आकांक्षा तीन वर्षांची झाल्यावर दोघांना दुसरं मूल हवं झालं. पण दिवस राहिनात. औषधं झाली, नवस झाले. सगुणाबाई म्हणायची, "देवानं एक दिली, बास झालं की." शिवकन्येला वाटायचं, सासू आपली समजूत घालतेय.

शेवटी प्रीती तिला जालन्याला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी पोटात दुर्बीण घालून तपासलं आणि बाहेर येऊन प्रीतीला विचारलं, "यांचं ऑपरेशन आधीच झालंय. नळ्या बांधलेल्या आहेत. तुम्हाला माहीत नव्हतं?"

प्रीतीनं आत जाऊन बहिणीला हातांनी सांगितलं. शिवकन्येला आधी कळलंच नाही. तिनं दोनदा उलट विचारलं, कुणाचं? कुणाचं?

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी अंकुशनगरला आल्या. सगुणाबाई ज्वारी निवडत बसली होती.

"मावशी, हिचं ऑपरेशन करायला कोणी सांगितलं?" प्रीतीनं विचारलं.

सगुणाबाईनं लपवालपवी केली नाही. "मीच हो म्हणले. डाक्टर म्हणला, पोट उघडलंच हाये तं करून टाकू का. नवरा-बायको दोघं बी बहिरे, पुढं अजून बहिरंच निपजलं तं? मला बराबर वाटलं. अंगठा देल्ता."

"हिला विचारलं?"

"तिला भूल देल्ती."

"आन् मंग नंतर? इतकी वर्षं ती दवाखाने हिंडून राह्यली, तुम्ही बघत व्हता ना?"

"होऊन गेल्तं ते. सांगून काय व्हणार व्हतं?"

सगुणाबाईची मान खाली होती, त्यामुळे शिवकन्येला ओठ नीट दिसले नव्हते. ती सासूसमोर बसली, हनुवटीला धरून तिचा चेहरा वर केला आणि खूण केली, परत सांगा. सगुणाबाईला सगळं परत, हळूहळू सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज चिरकला, पण तो फक्त प्रीतीलाच ऐकू आला.

संध्याकाळी गोरक्षनाथला कळलं. त्यानं भांडण केलं नाही. तो आईकडे बघेनासा झाला. बहिऱ्या माणसानं बघणं सोडलं की त्याच्याशी बोलायचा मार्गच उरत नाही. उन्हाळाभर सगुणाबाई त्याच्यापुढं ताट ठेवायची आणि तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

प्रीती तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आली. ते डॉक्टर केव्हाच बदलून गेले होते. तिथली सिस्टर म्हणाली, "घरच्यांच्या मर्जीनं झालंय. बाया स्वतः येऊन करून घेतात, त्यात तक्रार काय करायची?" प्रीतीनं तरी अर्ज दिला. चौकशीला एक साहेब घरी आले. त्यांनी सगुणाबाईला विचारलं, गोरक्षनाथच्या मालकाला विचारलं. शिवकन्येशी कसं बोलायचं ते त्यांना कळेना, म्हणून तिला नमस्कार करून ते निघून गेले. पुढं काही झालं नाही.

नळ्या पुन्हा जोडता येतात, पण खात्री नसते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. शिवकन्येनं मनात धरलं ते एवढंच, की जोडता येतात. संभाजीनगरला ते ऑपरेशन झालं. वर्ष उलटून गेल्यावर तिला दिवस राहिले.

या वेळी ती बाळंतपणाला जालन्याच्या त्याच बाईंकडे गेली आणि प्रीती बरोबर असल्याशिवाय आत जायला तयार झाली नाही. मुलगा झाला. निघायच्या दिवशी बाई तिच्या समोर खुर्ची ओढून बसल्या, तोंडावरचा मास्क काढला आणि सावकाश बोलल्या, "आता दोन मुलं झाली. ऑपरेशन करायचं का, ते तुम्ही सांगा. नाही म्हणालात तरी चालेल."

शिवकन्येनं हात हलवला, आत्ता नाही. बाई बरं म्हणाल्या आणि उठल्या. प्रीती सांगते, खाली रिक्षात बसल्यावर शिवकन्या रडली; मुलगा झाल्यावर नव्हती रडली.

मुलाचं नाव कल्याण ठेवलं. काही महिन्यांनी कानांची तपासणी केली, तर त्याला ऐकू येत नव्हतं. गोरक्षनाथनं मान हलवली आणि तो कामावर गेला. शिवकन्येनं पोराला पाजायला घेतलं. सगुणाबाई तेवढी म्हणाली, "म्या म्हणलंच व्हतं." ते ऐकायला घरात फक्त आकांक्षा होती.

पण आता कल्याण पळता झालाय आणि शिवकन्या गिरणीवर असते तेव्हा तो आजीजवळच असतो. आजीला जेव, ये, जा, पैसे, एवढ्याच खुणा यायच्या. गोरक्षनाथला तिनं तेवढ्यावरच लहानाचं मोठं केलं होतं. आता नातवाला आई-बापानं हात चालवायला शिकवलंय आणि तो दिवसभर थांबत नाही. मांजर कुठं गेलं, ट्रॅक्टर कुणाचा, तो माणूस काहून चिडला, सगळं त्याला विचारायचं असतं. सगुणाबाई आकांक्षाकडून खुणा शिकते आणि निम्म्या चुकवते.

मध्ये प्रीतीचा व्हिडिओ कॉल आला होता. सगुणाबाईनं फोन हातात घेतला, पोराकडे बघितलं आणि विचारलं, "प्रीती, आमच्या गोरक्षाला बी लहानपणी एवढंच बोलायचं असंन का गं?"

आपलं चुकलं, असं सगुणाबाई आजवर कुणाजवळ बोललेली नाही.