ब्राझीलची पेनल्टी

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. आज पेपरात ब्राझीलच्या एका जुन्या स्ट्रायकरचा फोटो दिसला. त्यानं आयुष्यभर खोऱ्यानं गोल केले. फोटोत तो पेनल्टीला धावत येऊन चेंडूपाशी क्षणभर थांबला आहे आणि गोलकीपर आधीच आडवा झाला आहे.

कोल्हापुरात आमच्या तालमीच्या फुटबॉल संघातला दिनू असाच फोटो बघून तसं थांबायला शिकला. सगळी पेठ त्याला ब्राझील म्हणायची. फायनलच्या आदल्या दिवशी समोरच्या तालमीचा गोलकीपर, म्हणजे माझा मेहुणा, घरी जेवायला आला. फुशारकीत मी बोलून गेलो, "दिनू थांबला की तू हलू नकोस."

फायनलमध्ये दिनू पेनल्टीला धावत येऊन थांबला, पण मेहुणा हलला नाही. गोंधळलेल्या दिनूचा चेंडू अलगद त्याच्या हातात गेला.

"विकला गेलास की रं!" पेठ दिनूवर ओरडली. दिनूनं पुन्हा बूट घातले नाहीत.

म्हातारपणी एकदा त्यानं विचारलं, "गड्या, त्यो हलला कसा न्हाई रं?" मी तोंड उघडलं आणि थांबलो. तो बघत राहिला. मग म्हणाला, "च्या घे, गार व्हतोय."

गेल्या वर्षी तो गेला. दिनू, मीच सांगितलं होतं त्याला. मला माफ कर.