ड्रमवाल्याची गुणगुण

बँडचा सातवा अल्बम बारा वर्षांच्या खंडानंतर निघणार होता. गायक केस काळे करून आला होता आणि खोलीतही गॉगल काढत नव्हता. गिटारवाला बंडखोरीच्या ओळी वाचायला चष्मा शोधत होता. काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिस्टने या मंडळींचे आधीचे सहाही अल्बम केले होते, त्यामुळे त्याला कशाचंच नवल वाटत नव्हतं.

त्याची हयात एकाच कामात गेली होती, ड्रमवाल्याची गुणगुण पुसण्यात. हा गृहस्थ वाजवता वाजवता अख्खं गाणं गुणगुणायचा, तेही बेसूर, आणि ड्रमच्या वर टांगलेले माइक ते इमानेइतबारे टिपायचे. आधी ड्रमचं रेकॉर्डिंग, मग ते हेडफोनवर ऐकत गायकाचं, आणि सगळ्यात शेवटी रेकॉर्डिस्ट मान मोडून ती गुणगुण वेचून काढणार. घरी तो इतकी कुरकुर करायचा की बायको म्हणायची, "माझ्या आईबद्दलसुद्धा तू एवढं वाईट बोलत नाहीस."

यंदा ड्रमवाल्याचा उजवा हात थरथरू लागला होता. गायकाने ठरवलं, ड्रम या वेळी मशीन वाजवील. तीस वर्षांची जिवलग दोस्ती असल्यामुळे हे ड्रमवाल्याच्या तोंडावर सांगायची हिंमत अर्थातच कोणाची झाली नाही.

"तूच सांग, तुझं ऐकतो तो," असं म्हणून गायकाने ते लोढणं रेकॉर्डिस्टच्या गळ्यात घातलं.

रेकॉर्डिस्टने फोन केला. ड्रमवाला म्हणाला, "बरं. माझ्या काठ्या तिथंच आहेत. राहू देत."

गुणगुण कायमची बंद झाली होती, पण रेकॉर्डिस्टला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मशीनने चोख ताल धरला. गायकाने पहिलं कडवं झोकात म्हटलं आणि दुसऱ्या कडव्यात लवकर घुसला. पुढच्या वेळी उशिरा. दुपारपर्यंत असं सतरा वेळा झालं. त्याने हेडफोनवर, मशीनवर, एसीवर खापर फोडलं. यादीत स्वतःचं नाव काही आलं नाही.

तेव्हा रेकॉर्डिस्टच्या डोक्यात प्रकाश पडला. या थोर गायकाला मात्रा मोजता येतच नव्हत्या. हेडफोनमध्ये ड्रमवाला कडवं गुणगुणायला लागला, की हा त्याला धरून आत शिरायचा. तीस वर्षं हेच चाललं होतं, आणि त्याचा पुरावा दर वेळी रेकॉर्डिस्ट स्वतःच्या हाताने पुसत आला होता.

"मशीन बिघडलं," त्याने जाहीर केलं आणि मशीनची वायर काढून खिशात घातली. मग ड्रमवाल्याला फोन लावला. "येतोस का? मशीनला गाणं पाठ नाही."

तासाभरात ड्रमवाला हजर. हात थरथरत होता, ठोके केसभर मागे पडत होते, गुणगुण मात्र ठणठणीत होती. ते वाजवणं कानात ऐकत गायक पहिल्याच फटक्यात बरोबर जागी आला.

"बघ, मी म्हणत होतो ना, मशीनच खराब होतं," गायक म्हणाला. "आता याची ती कटकट नीट साफ कर."

रेकॉर्डिस्ट आठवडाभर दार लावून बसला. शेवटच्या दिवशी घरी आला तेव्हा बायकोने विचारलं, "झालं का पुसून?"

"नाही," हात धुता धुता तो म्हणाला. "या खेपेला गायकाचा आवाज जरा कमी केला."